जुने भिंग, नवा कॅमेरा

घरातील पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले कॅमेऱ्याचे जुने भिंग निरुपयोगी झाले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः काच निर्मळ असेल, तर तिचा वक्रीभवनाचा गुण कायमच असतो; अडचण येते ती अंतराची.

भिंगाची बैठक आणि फिल्म यांमध्ये ठरावीक अंतर राखावे लागते. आरशाच्या कॅमेऱ्यांत त्या जागेत आरसा हलत असल्याने हे अंतर मोठे असते. एम ४२ या आट्यांच्या बैठकीत ते ४५.४६ मिलिमीटर, तर निकॉनच्या एफ बैठकीत ४६.५ मिलिमीटर आहे. म्हणून एम ४२ भिंग निकॉनवर बसविले, तर ते सुमारे एक मिलिमीटर पुढे राहते आणि दूरचा डोंगर पुसट उमटतो.

२०१० साली निघालेल्या सोनीच्या ई बैठकीच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. तेथे हे अंतर अवघे १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर धातूच्या पोकळ कड्याने भरून काढले, की प्रतिमा संवेदकावर नेमकी पडते. ती रेखीव करणे व प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणे, ही कामे मात्र हातानेच करावी लागतात.

तेव्हा असे भिंग टाकून देण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून पाहावे. आत बुरशीचे तंतू नसतील, तर ते पुन्हा कामी येऊ शकेल.