शाळेतले समुपदेशक मुलाच्या थेरपिस्टशी बोलू शकतात का? घोडे अडते ते पालकांच्या सहीवर

समजा, नववीतल्या एका मुलीला पॅनिक अटॅक येतात. दर शनिवारी ती थेरपिस्टकडे जाते. गर्दीत श्वास कोंडला तर काय करायचे, हे तिथे शिकते आहे. सोमवारी परिपाठाच्या रांगेत तिला दरदरून घाम फुटतो, ती रांग सोडून पळते आणि वहीत शेरा पडतो, 'परिपाठ टाळते.' शाळेत समुपदेशक आहेत, पण थेरपीबद्दल त्यांना पत्ताच नाही. थेरपिस्टला त्या शेऱ्याची खबर नाही. दोन्ही यंत्रणा सुरू आहेत, मधली केबल तेवढी जोडलेली नाही.

हा विषय आता का?

विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला. त्यात देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी हवी. मुलाला बाहेर पाठवण्याची वाट यामुळे आखली जाईल. पण तिकडून शाळेकडे माहिती परत कशी यायची? खरा पेच तिथेच आहे.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते. उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला किंवा आरोग्य व्यावसायिकाला ती देता येते. मात्र कायद्यातील व्याख्येत प्रामुख्याने मनोविकारतज्ज्ञ आणि राज्य प्राधिकरणाकडे नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते येतात. शाळेतले समुपदेशक त्यात आपोआप बसत नाहीत. त्यामुळे थेरपिस्टने तोंड उघडण्याआधी पालकांची लेखी संमती घेणे हाच सुरक्षित मार्ग. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे, पण तेव्हाही तो धोका टाळण्यापुरतीच माहिती द्यायची असते.

आणि पालक सही करायला कचरतात. 'शाळेत कळले तर पोरीवर शिक्का बसेल', ही भीती पोकळ नाही. समुपदेशकांना सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षक कक्षात पोहोचत असेल, तर सही न करणारे पालक चूक कसे? मग पालकच निरोप्या होतात. थेरपिस्ट सांगतात एक, शाळेत पोहोचते अर्धे.

मग सांगायचे काय, लपवायचे काय?

संमतीपत्र 'सगळी माहिती द्यावी' असे मोघम नको. कोण कोणाशी बोलेल, कशाबद्दल आणि कधीपर्यंत, हे त्यात हवे. एका शैक्षणिक वर्षाची मुदत घालता येते. संमती मागेही घेता येते.

शाळेला घरातली भांडणे किंवा थेरपीतले बोलणे कळण्याची गरज नसते. कामाच्या गोष्टी वेगळ्या असतात: औषधामुळे पहिल्या तासाला गुंगी येते का, अटॅक आला तर कुठे बसवायचे, कोणत्या शिक्षकाशी ती मोकळी बोलते, कोणती लक्षणे दिसली की लगेच फोन करायचा. उलट बाजूने समुपदेशकांनी निरीक्षण कळवावे, निदान नव्हे. 'ती डिप्रेस्ड वाटते' यापेक्षा 'दोन आठवडे डबा तसाच परत नेते' हे वाक्य थेरपिस्टच्या जास्त उपयोगाचे. वर्गशिक्षकांना फक्त काय करायचे ते सांगावे, कारण सांगायची गरज नाही. आणि हे काहीही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

एक सही कायद्याने लागत नाही, पण घ्यायलाच हवी: मुलीची. शाळेला काय सांगणार, हे तिला आधी वाचून दाखवावे. एखादी ओळ तिने खोडायला सांगितली, तर खोडावी. आपल्या पाठीमागे फोनाफोनी झाली हे कळले, तर ती दोघांशीही बोलणे बंद करील.

शाळेत समुपदेशक नसतील किंवा प्रसंग तातडीचा असेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. मराठीतही बोलता येते.