गळाचा नंबर

अकलूजच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या पालाशेजारीच गळ, तंगूस, शिशाच्या गोळ्या मिळतात, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? बचत गटातल्या एका ताईंबरोबर मी तिथं चक्क फतकल मारून बसले. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक. आपल्या सुयांसारखंच की!

ताई नीरेवर मासे धरतात. बारीक गळाला रोहू-मरळीची पिल्लंही लागतात, पाटी लवकर भरते. घरात पोरीची फी थकलेली. तरी ताईंनी मोठेच गळ उचलले. “पिल्लं संपवली तर पुढच्या साली काय धरू?” तुटका तंगूस मात्र नदीत टाकायचा नाही, तो कुजत नाही, पाखरांच्या पायात गुंततो, हे त्यांनी दुकानदारालाही ऐकवलं. वर पाच रुपये कमी करून घेतले.