भग्नचिकित्सेतील उपेक्षित अंग : प्लास्टरनंतरची परिचर्या

अस्थिभग्नाचा रुग्ण प्लास्टर घालून घरी परतला की चिकित्सा संपली, असा समज त्याच्या घरी असतो आणि काही अंशी आपल्याही मनात असतो. वस्तुतः परिचर्येचा आरंभ तेथूनच होतो. पुढे त्रास झाला, तर रुग्ण बहुधा प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. म्हणून हा विषय आपणा सर्वांचा आहे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन आदींच्या साली व वेळू यांचे कुश सांगितले आहेत. बंध शिथिल राहिल्यास संधीला स्थैर्य येत नाही. अतिगाढ झाल्यास त्वचेत शोथ, वेदना व पाक होतो. म्हणून साधारण बंधच श्रेष्ठ, असे त्यांचे मत आहे. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध सोडण्याचाही निर्देश आहे. १८५१ मध्ये डच लष्करी शल्यचिकित्सक मथायसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी सिद्ध केली. हा बंध उत्तम स्थैर्य देतो. परंतु तो कित्येक आठवडे सुटत नाही. आत काय घडते आहे हे केवळ उघड्या बोटांवरूनच कळते.

माझ्या व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी एक शेतमजूर अग्रबाहूला प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या रात्री माझ्याकडे आला. वेदना असह्य होती. 'हाड मोडले आहे, दुखणारच' असे म्हणून मी वेदनाशामक दिले. बोटे पाहिली नाहीत. दोन दिवसांनी तो परतला तेव्हा बोटे बधिर होती, हलत नव्हती. शल्यचिकित्सकांनी हात वाचवला; बोटे मात्र कायमची आखडली. फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णिलेली विकृती ती हीच. ती चूक माझी होती, म्हणून हा लेख.

शोथ वाढतो, प्लास्टर मात्र सैलावत नाही. आतील दाबाने मांसपेशींचा रक्तपुरवठा खुंटतो. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. भग्नाच्या मानाने अधिक व सतत वाढणारी वेदना, बोटे हळूच सरळ करताना उठणारी कळ, मुंग्या, बधिरता, फिकटपणा ही त्याची लक्षणे होत. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. ती उशिरापर्यंत लागते. अशा वेळी वेदनाशामक देऊन थांबू नये, शेक वा मर्दन करू नये. अवयव हृदयाच्या पातळीवर ठेवून रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. प्लास्टर आतील कापसाच्या अस्तरासह कापावे लागते, प्रसंगी शस्त्रकर्मही करावे लागते. सुमारे सहा तासांनंतर मांसपेशींची हानी भरून न येणारी ठरू शकते.

इतर वेळी घरच्या परिचारकास पुढील सूचना द्याव्यात. ओले प्लास्टर पूर्ण वाळण्यास एक ते तीन दिवस लागतात. तोवर ते बोटांनी न दाबता तळहातांवर उचलावे. पहिले काही दिवस अवयव उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवावा व मोकळी बोटे वारंवार हलवावीत. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतावी. खाज सुटली तरी आत सुई वा पट्टी घालू नये; प्लास्टर भिजू देऊ नये. दुर्गंधी, डाग, ज्वर किंवा एकाच जागी होणारी जळजळ ही आतील व्रणाची सूचना समजावी. पायाचे प्लास्टर असता पोटरी सुजली, छातीत दुखले वा धाप लागली, तर क्षणभरही विलंब नको.

लाक्षादि गुग्गुळ, हाडसांधी, दूध, तूप यांची योजना प्रकृती पाहून अवश्य करावी. तैल मात्र प्लास्टरच्या आत सोडू नये. अभ्यंगाची वेळ प्लास्टर निघाल्यानंतरची.

औषधविक्रेत्या बंधूंना एकच विनंती. प्लास्टरचा रुग्ण वेदनाशामक मागू लागला, तर गोळी काढण्यापूर्वी विचारावे, "बोटे हलतात का? मुंग्या येतात का?" या दोन प्रश्नांना फार तर एक मिनिट लागते, एखाद्याचा कमावता हात त्याने वाचतो.