जंप सीट

जंप सीट म्हणजे प्रवासी किंवा मालवाहू विमानाच्या कॉकपिटमध्ये, दोन्ही वैमानिकांच्या मागे बसवलेले घडीचे अथवा सरकते अतिरिक्त आसन होय. यास निरीक्षक आसन असेही म्हणतात. विमानाच्या दारांजवळ केबिन कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या घडीच्या आसनांनाही हेच नाव आहे; प्रस्तुत लेख कॉकपिटमधील आसनापुरता मर्यादित आहे.

या आसनावर मुख्यतः तीन प्रकारच्या व्यक्ती बसतात: नियामक संस्थेचे निरीक्षक, विमान कंपनीचे प्रशिक्षक वा परीक्षक, आणि कर्तव्यावर नसलेले वैमानिक. तिसऱ्या प्रकारच्या प्रवासाला जंपसीटिंग म्हणतात. घर एका शहरात आणि नोकरीचे तळठिकाण दुसऱ्या शहरात असलेल्या वैमानिकाला कामावर जाण्यासाठी हा मार्ग उपयोगी पडतो. अमेरिकेत ही प्रथा सर्वाधिक रुजलेली आहे. जंपसीटिंग आणि ‘डेडहेड’ यांत मात्र फरक आहे. डेडहेड प्रवास कंपनीच्या आदेशावरून होतो आणि तो कामाच्या वेळेत धरला जातो. जंपसीटिंग हा वैमानिकाचा स्वतःच्या सोयीचा प्रवास असून त्याचे तास कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत.

आसनाची रचना

एटीआर ७२ या पंखेवाल्या विमानात असे एकच आसन असते. एअरबस ए ३२० आणि बोइंग ७३७ या विमानांत एक आसन ठरलेले असते व काही विमानांत दुसरेही बसवलेले असते. आसनाला खांद्यांवरून येणारे पट्टे, ऑक्सिजनचा मुखवटा आणि संभाषण ऐकण्यासाठी हेडसेटची सोय असते. जागा अरुंद असून गुडघे मधल्या उपकरणफळीला टेकतील इतकी जवळीक असते. शिष्टाचाराचे बरेचसे नियम या अरुंदपणातूनच निर्माण झाले आहेत.

परवानगी आणि शिष्टाचार

जंप सीट हा हक्क नाही. ती मुख्य वैमानिकाने दाखवलेली मेहेरनजर आहे, हे या प्रथेचे मूळ तत्त्व होय. कंपनीने नाव नोंदवले, ओळखपत्र तपासले गेले आणि दारावरच्या कर्मचाऱ्याने आत सोडले, तरी अंतिम होकार मुख्य वैमानिकाचाच असतो. अमेरिकी नियमांत सुरक्षेच्या कारणास्तव कोणालाही कॉकपिटबाहेर ठेवण्याचा त्याचा अधिकार स्पष्टपणे मान्य केलेला आहे. नियामक संस्थेच्या निरीक्षकाला मात्र कर्तव्यासाठी कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश द्यावा लागतो व त्याचा क्रम सर्वांच्या आधी लागतो.

त्यामुळे पाहुण्या वैमानिकाने विमानात शिरताच पुढे जाऊन मुख्य वैमानिकाला स्वतः भेटावे, परवाना आणि ओळखपत्र न मागता दाखवावे आणि प्रवासाची अनुमती विचारावी, असा संकेत आहे. कॉकपिटमध्ये उड्डाणपूर्व तपासणी चालू असल्यास ती संपेपर्यंत दाराबाहेर थांबावे लागते. केबिनमध्ये रिकामी जागा असली आणि तेथे बसण्यास सांगण्यात आले, तरीही ही भेट चुकवली जात नाही. न विचारता थेट मागच्या जागेवर जाऊन बसणे हा या व्यवसायातला सर्वांत ठळक असभ्यपणा मानला जातो. परवानगी देणाऱ्याला आपल्या विमानात कोण आहे हे ठाऊक असणे त्याच्या जबाबदारीचा भाग असतो, हे त्यामागचे कारण आहे. उतरताना पुन्हा आभार मानले जातात.

आसनावर बसलेली व्यक्ती प्रवासी राहत नाही. तिला जादा कर्मचाऱ्यासारखे वागावे लागते. पोशाख नीटनेटका असावा, मद्य घेतलेले नसावे, डोळा लागू देऊ नये, अशी अपेक्षा असते. सर्वांत कडक बंधन बोलण्यावर असते. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले, तेव्हा वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पांत गुंतलेले होते, असे तपासात आढळले. त्यानंतर १९८१ मध्ये ‘स्टेराइल कॉकपिट’ नियम आला. त्यानुसार दहा हजार फुटांखाली, म्हणजे उड्डाण व अवतरणाच्या टप्प्यांत, सुरक्षेस आवश्यक तेवढेच बोलता येते. पाहुण्यालाही तो लागू होतो.

अडचण नेमकी येथेच उभी राहते. शांत राहणे ही सभ्यता असली, तरी दिसलेली चूक सांगणे हे कर्तव्य असते. दुसऱ्याच्या विमानात, दुसऱ्या कंपनीच्या कार्यपद्धतीत, पाहुण्याने कधी तोंड उघडावे याचे लेखी उत्तर पुरेसे पडत नाही. जुने वैमानिक उड्डाणापूर्वीच ‘काही चुकीचे दिसले तर लगेच सांगा’ असे पाहुण्याला बजावतात. एका वाक्याने निम्मा संकोच दूर होतो.

तिसऱ्या जोडी डोळ्यांचे महत्त्व २८ ऑक्टोबर २०१८ च्या घटनेत दिसले. लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान देनपसारहून जकार्ताला जात असताना त्याचे नाक वारंवार खाली झुकू लागले. कॉकपिटमध्ये कर्तव्यावर नसलेला एक वैमानिक होता. स्टॅबिलायझर ट्रिमचा विद्युतपुरवठा तोडण्याची सूचना त्याने केली, असे वृत्त नंतर प्रसिद्ध झाले. ते उड्डाण सुखरूप पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान वेगळ्या वैमानिकांसह निघाले व समुद्रात कोसळून १८९ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाचे मुख्य वैमानिक भव्ये सुनेजा हे मूळचे दिल्लीचे होते.

नकार आणि संघर्ष

होकार देण्याचा अधिकार असला की नकाराचाही असतो, आणि तो नेहमी सुरक्षेसाठीच वापरला जातो असे नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये कॉन्टिनेंटल, १९८५ मध्ये युनायटेड आणि १९८९ मध्ये ईस्टर्न या कंपन्यांत वैमानिकांचे संप झाले. संप मोडून काम करणाऱ्यांच्या नावांच्या याद्या वैमानिकांमध्ये फिरल्या आणि संप मिटल्यावरही अनेक वर्षे अशा व्यक्तींना जंप सीट नाकारली गेली. कारण सांगण्याचे बंधन नसल्याने या बहिष्काराविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. संघटनेच्या दृष्टीने ती निष्ठेची किंमत होती. नाकारल्या गेलेल्याच्या दृष्टीने घरी जाण्याचा मार्ग बंद होता. सुरक्षेसाठी दिलेला अधिकार जुना हिशेब चुकवण्यासाठी वापरला गेला, ही टीका मात्र रास्त होती.

कधी एका आसनासाठी दोन दावेदार येतात. बहुतेक ठिकाणी स्वतःच्या कंपनीच्या वैमानिकाला प्राधान्य मिळते. परक्यांमध्ये काही कंपन्या आधी येणाऱ्याला, तर काही ज्येष्ठतेला मान देतात.

या प्रथेची दुसरी बाजू थकव्याची आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण मरण पावले. सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाने मेम्फिसमार्गे नेवार्कला पोहोचली होती. मुख्य वैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया हे अपघाताचे कारण ठरवण्यात आले. थकव्याने दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यता तपास मंडळाने नोंदवली, पण त्याचे प्रमाण निश्चित करता आले नाही. जंप सीटमुळे वैमानिक कामाच्या जागी पोहोचतो. तो विश्रांती घेऊन पोहोचला की नाही, हे आसन सांगत नाही.

विश्वासाचा प्रश्न

कॉकपिटच्या बंद दाराआड बसणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकावा लागतो. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या डीसी-१० विमानात, शिस्तभंगाच्या चौकशीला सामोरे जाणाऱ्या त्याच कंपनीच्या एका फ्लाइट इंजिनिअरने तिन्ही कर्मचाऱ्यांवर हातोड्यांनी हल्ला केला. गिटारच्या पेटीतून त्याने ही हत्यारे आणली होती. गंभीर जखमी अवस्थेतही तिघांनी त्याला आवरले आणि विमान परत उतरवले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर इतर कंपन्यांच्या वैमानिकांना अमेरिकेत कॉकपिटमध्ये बसू देणे थांबले. नोकरी आणि ओळख संगणकावर तत्काळ पडताळणारी यंत्रणा उभी राहिल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. तरीही २२ ऑक्टोबर २०२३ रोजी होरायझन एअरच्या विमानात जंप सीटवरील वैमानिकाने इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे आगीचे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. त्याची ओळख, परवाना, नोकरी सारे खरे होते. मनःस्थितीची पडताळणी कोणत्याही यंत्रणेत नव्हती.

भारतातील स्थिती

अमेरिकेसारखी, बहुतेक कंपन्यांना सामावणारी परस्पर जंप सीट व्यवस्था भारतात रूढ नाही. कॉकपिटमधील प्रवेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी आणि कंपनीच्या धोरणाने बांधलेला असतो. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी एअर इंडियाच्या दिल्ली–दुबई विमानात मुख्य वैमानिकाने परिचित महिलेला कॉकपिटमध्ये बसवले. महासंचालनालयाने त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला आणि कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. मुख्य वैमानिकाचा अधिकार नियमांच्या चौकटीतच चालतो, हे या प्रकरणाने दाखवले.

कॉकपिटमधील भांडणाचे महाराष्ट्राशी संबंधित उदाहरण १ जानेवारी २०१८ चे आहे. जेट एअरवेजच्या लंडन–मुंबई विमानात दोन वैमानिकांमध्ये वाद होऊन महिला वैमानिकाला मारहाण झाली आणि कॉकपिट काही काळ रिकामे राहिले. विमान मुंबईत सुखरूप उतरले. कंपनीने दोघांनाही कामावरून काढले व त्यांचे परवाने पाच वर्षांसाठी निलंबित झाले. त्या वादात कोणी पाहुणा नव्हता. पण सौजन्य मोडले की उड्डाणाच्या सुरक्षेचे काय होते, ते त्यातून कळते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उद्घाटनावेळी धावपट्टी २,५०० मीटर लांब होती आणि सुरुवातीची अनेक वर्षे येथे केवळ दिवसा विमाने उतरत असत. विमान येते, प्रवासी बदलतात आणि बहुधा तेच वैमानिक ते परत नेतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याच्या सुमारास भाविकांनी विमाने भरलेली असतात. अशा वेळी राहाता किंवा संगमनेरकडे घर असलेल्या विमान कर्मचाऱ्याला सवलतीच्या तिकिटावर जागा मिळणे अवघड होते. एटीआरमध्ये निरीक्षक आसन एकच, आणि उन्हाळ्यात तापलेल्या हवेत विमानाला उचलता येणारे वजन घटते. मग एका माणसाचा भारही हिशेबात घ्यावा लागतो. आसन रिकामे असूनही मुख्य वैमानिकाला ‘नाही’ म्हणावे लागते, आणि विचारणाऱ्याला नाशिक, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाकडे रस्त्याने निघावे लागते.