गेम खेळता येतो, रचता येईल का?

बारावीनंतर मुलानं ‘मला गेम डिझायनर व्हायचंय’ असं जाहीर केलं की घरात कोर्स आणि फीची चौकशी सुरू होते. त्याआधी गेम डिझायनर नेमकं काय करतो, ते समजून घ्यायला हवं.

चित्रं आर्टिस्ट काढतात, कोड प्रोग्रामर लिहितात, चुका टेस्टर शोधतात. खेळणाऱ्यापुढे कोणता पेच कधी टाकायचा, हे डिझायनर ठरवतो. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सुरुवात पाहा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळं मैदान. कुठे जायचं ते आपोआप कळतं. समोरून शत्रू चालत येतो, म्हणून उडी मारावी लागते. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो, त्याला डोकं लागलं की नाणं मिळतं. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर सूचनेची एक ओळही न देता खेळाचे मूळ नियम शिकवले.

डिझायनरची ही दृष्टी आपल्यात आहे का, हे घरीच तपासता येतं. सापशिडीत फासा पडेल तसं जायचं असतं, निवडीला वावच नाही. आता दोन फासे टाका आणि त्यातला कुठलाही एकच आकडा चालायची मुभा द्या. खेळणारा लगेच थांबून साप-शिड्या मोजू लागेल. मग शेजारची मुलं बसवा, स्वतः गप्प राहा. ती कुठे अडतात, कुठे कंटाळतात ते टिपा, नियम बदला, पुन्हा खेळवा. यात तासन्‌तास रमत असाल, तर या वाटेला जरूर जा.

संगणकावर गेम बनवायचं साहित्यही स्वस्त आहे. ‘गोडो’ हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, मोफत मिळतं. रीतसर शिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

नोकरीची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. २०२३ पासून जगभरच्या स्टुडिओंनी हजारोंना घरी बसवलं. स्वतःचा गेम काढणंही सोपं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओनं ‘राजी’ या गेमसाठी लोकवर्गणी मागितली, तीही पुरेशी जमली नाही. तरी २०२० मध्ये गेम बाजारात आला, कारण ती मंडळी चिकाटीनं काम करत राहिली.

स्टुडिओत मुलाखतीला गेलात की तुम्ही काय बनवलंय, हेच आधी पाहिलं जातं. म्हणून फी भरण्याआधी एक छोटा गेम पूर्ण करून अनोळखी माणसाच्या हाती द्या. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तुम्हाला दुरुस्तीचा हुरूप आला, तर आईवडिलांनी खुशाल पाठीशी उभं राहावं.