कढईविना कोफ्ते

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात मेजावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. निदान तिच्याविषयी ऐकले तरी असेलच. राजवाडा १८७४ सालचा. या गाडीच्या डब्यांतून जेवणानंतरची मद्ये आणि चिरूट पाहुण्यांपुढे येत. कोणी सुरई उचलली की गाडी आपोआप थांबावी, अशी तिची रचना होती. तेव्हा यंत्र आणि जेवण यांची सांगड आमच्या गावाला काही नवी नाही. अलीकडे मात्र घरोघरच्या ओट्यावर जे यंत्र येऊन बसले आहे, त्याच्याकडून हौसेपेक्षा अधिक गंभीर कामाची अपेक्षा केली जात आहे. त्या यंत्राचे नाव एअर फ्रायर.

दिवाळीला परदेशातून किंवा पुण्या-बंगळुराहून घरी आलेली मुले हे यंत्र आईवडिलांसाठी घेऊन येतात आणि त्यासोबत एक पाककृतीही आणतात: टर्कीच्या खिम्याचे, सोया सॉस, आले व तीळ घातलेले, तेलात न तळलेले गोळे. ‘आशियाई पद्धतीचे’ असे त्यांचे वर्णन केले जाते. आशियातच राहणाऱ्या आम्हांला या विशेषणाची थोडी गंमत वाटते. पण पदार्थ विचार करण्याजोगा आहे. कारण ज्या घरात कर्त्या पुरुषाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, किंवा सासूबाईंना मधुमेह आहे, तेथे एकाच पंगतीत दोन प्रकारची ताटे वाढली जातात. इतरांपुढे चमचमीत कोफ्ते आणि त्यांच्यापुढे उकडलेला दुधी! हा भेद मिटवता आला, तर हवाच आहे.

‘कोफ्ता’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ ‘कुटलेले’ असा आहे. मांस कुटून त्याचे गोळे करण्याची रीत इराणपासून चीन-जपानपर्यंत सर्वत्र आढळते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. येथून आग्रा जेमतेम १२० किलोमीटर. दक्षिणेतून आलेल्या मराठा घरांतील खिमा आणि उत्तरेकडील कोफ्ता एका चुलीवर यावेत, यात आश्चर्य ते काय? शेजाऱ्याची चव आपलीशी करण्याची सवय आम्हां ‘बृहन्महाराष्ट्रीयां’ना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

आता टर्कीविषयी. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व प्राणी आणले, त्यांत एक टर्कीही होती, आणि मन्सूर या चित्रकाराने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. परंतु दरबारात चारशे वर्षांपूर्वी पोहोचलेला हा पक्षी आमच्या बाजारात काही रुळला नाही. त्याची उणीव भासू देण्याचे मात्र कारण नाही. टर्कीची कीर्ती आहे ती तिच्या छातीच्या मांसात चरबी कमी असते म्हणून. कोंबडीच्या छातीचा गुणही तोच. उलट, कातड्यासकट दळलेला खिमा टर्कीचा असला तरी तो हलका म्हणता येणार नाही. तेव्हा दुकानदारास कातडे पूर्ण काढून, आपल्या डोळ्यांदेखत खिमा करून देण्यास सांगावे. आरोग्याची अर्धी लढाई तेथेच जिंकली जाते.

उरलेली अर्धी तेलाशी. फिलिप्स कंपनीने २०१० साली बाजारात आणलेले हे यंत्र नावाप्रमाणे ‘तळत’ नाही. वरच्या बाजूस विजेने तापणारी तार, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. तापलेली हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, वरची ओल चटकन उडून जाते आणि मग पृष्ठभाग खमंग तांबूस होतो. थोडक्यात, ही वारा घालणारी लहानशी भट्टी होय. कढईतल्या कोफ्त्याचे कुरकुरीत कवच तिच्यातून तंतोतंत येत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. म्हणजे निराशा होणार नाही. फायदा आहे तो दुसरीकडे. एक तर तेल चमच्याने मोजता येते. दुसरे म्हणजे कढईत उरलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा वापरण्याची आपली काटकसरी सवय सुटते. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा तेलातील ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती याचसाठी. घरी ही मोजणी कोण करणार? त्यापेक्षा उरणारे तेलच नको.

चार माणसांना पुरतील अशा गोळ्यांचे प्रमाण पुढे देत आहोत.

साहित्य: कातडे काढलेल्या कोंबडीचा खिमा ५०० ग्रॅम (निम्मा छातीचा, निम्मा मांडीचा), बारीक चिरलेली कांद्याची पात १ वाटी, किसलेले आले १ पोह्याचा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या ६ पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, १ अंडे, पावाचा चुरा अर्धी वाटी, सोया सॉस १ पोह्याचा चमचा, भाजून कुटलेले तीळ १ पोह्याचा चमचा, मिरपूड, तेल २ चहाचे चमचे. मीठ घालू नये.

कृती: पावाचा चुरा अंड्यात भिजवून दहा मिनिटे ठेवावा. हा भिजवलेला चुरा ओल धरून ठेवतो, म्हणून कमी चरबीचा खिमाही कोरडा पडत नाही. मग खिम्यासह सर्व साहित्य हलक्या हाताने एकत्र करावे. फार मळल्यास गोळे चिवट होतात. तेलापैकी एक चमचा या मिश्रणात जावा. ओल्या हाताने लहान लिंबाएवढे सुमारे २४ गोळे वळून अर्धा तास शीतकपाटात ठेवावेत. यंत्र १९० अंशांवर तीन मिनिटे तापवून घ्यावे, गोळ्यांना उरलेल्या तेलाचा बोळा फिरवावा आणि दोन गोळ्यांत बोटभर अंतर राहील असे ते मांडावेत. गर्दी केली की वारा फिरत नाही आणि गोळे भाजण्याऐवजी वाफवले जातात. म्हणून दोन घाणे करण्याचा आळस करू नये. दहा ते बारा मिनिटे लागतात. मध्ये एकदा उलटावेत. एक गोळा मोडून पाहावा: आत गुलाबी छटा दिसता कामा नये. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास मध्यभागी ७४ अंश सेल्सियस भरले पाहिजेत. कोंबडीच्या बाबतीत ही अट सोडता येत नाही. कच्च्या खिम्याचे हात, पाट व सुरी साबणाने धुवावीत, हे सुगृहिणीस सांगणे नकोच.

वरून घालण्याच्या रसासाठी एक पोह्याचा चमचा सोया सॉस, तेवढाच सिरका, एक चहाचा चमचा गूळ, थोडा लसूण, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि पाव वाटी पाणी एकत्र शिजवून दाटसर करावे.

यातील दोन जिन्नस आम्हांस परके नाहीत. सोयाबीन पिकविणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश अग्रणी आहे, आणि तिळाचे कौतुक मुरैना-ग्वाल्हेरच्या गजकेपेक्षा अधिक कोठे होत असेल? चिनी-जपानी स्वयंपाकात वापरतात ते तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते; आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. म्हणून वर कुटलेले भाजके तीळ सुचविले आहेत. सोया सॉसच्या बाबतीत मात्र सावध असावे. त्याच्या एका पोह्याच्या चमच्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. वरील प्रमाणात दोन चमच्यांचे मीठ चौघांत विभागले जाऊन प्रत्येकी सव्वा ग्रॅमच्या आत राहते. रक्तदाबाच्या रुग्णाने वरचा रस टाळला, तर त्याहूनही निम्मे. तेल वाचवून मीठ वाढविले, तर एका रोगाची खोली झाडून दुसऱ्याला बिऱ्हाडास बोलावल्यासारखे होईल.

शाकाहारी घरांनी सोयाबीनचा चुरा गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, उकडलेल्या बटाट्यासह याच मसाल्यात गोळे करावेत. अंड्याऐवजी भाजलेले बेसन बांधणीला चालते. शिजण्याचा प्रश्न नसल्याने वेळ दोन-तीन मिनिटांनी कमी करावा.

विजेविषयी दोन शब्द. साधारण १५०० वॅटचे यंत्र पंधरा मिनिटे चालले, तर पाऊण-अर्धा नव्हे, जास्तीत जास्त एक तृतीयांश युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. परंतु जुन्या वाड्यांतील लहान प्लगवर ते लावू नये. १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी हवी. आमच्या मे महिन्यातल्या उकाड्यात कढईसमोर उभे राहावे लागत नाही, हाही लाभ लहान नाही.

आणि यंत्र नसेल तर? त्यासाठी कोणी कर्ज काढू नये. आपल्या फळीवर आप्पेपात्र आहेच. प्रत्येक खळगीत चार थेंब तेल, वर झाकण, मंद आच आणि दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे, एवढ्यावर हेच गोळे उत्तम होतात. यंत्र कोणतेही असो, गुण आहे तो कातडे काढलेल्या खिम्याचा, मोजलेल्या तेलाचा आणि आवरलेल्या मिठाचा. एवढे सांभाळले की पथ्यकऱ्याचे ताट वेगळे मांडावे लागत नाही. ज्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे उकडलेला दुधी आला, त्यांच्याही पानात इतरांसारखेच चार गोळे पडतात, आणि आजारी माणसाला औषधाइतकीच या बरोबरीची भूक असते.