छातीतील जळजळ : कारणे व उपचार

सकाळी रिकाम्या पोटी दोनतीन वेळा चहा, दुपारी अवेळी भोजन आणि रात्री उशिरा जेवून लागलीच अंथरुणावर पडणे, हा क्रम पुष्कळ शिक्षकांच्या अंगवळणी पडलेला आढळतो. मग आंबट ढेकर येतात, घशाशी येते, छातीत जळजळते. यास आपण ‘पित्त झाले’ असे म्हणतो. वस्तुतः पित्त निराळे. ते यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरते. जळजळ होते ती मुख्यतः जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे.

हे आम्ल पचनास आवश्यकच आहे. जठराला आतून श्लेष्माचे अस्तर असल्याने त्यास ते बाधत नाही. अन्ननलिकेस मात्र तसे संरक्षण नाही. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक वलय असते. घास उतरला की ते मिटते. हे वलय सैल पडले, अथवा भरल्या पोटी मनुष्य आडवा झाला, म्हणजे आम्ल वर चढते. तंबाखूतील निकोटिनानेही ते सैल होते. म्हणून जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर असावे. उशा वाढविल्याने पोट दुमडते व त्रास वाढतो. त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा घालून ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उचलावी व डाव्या कुशीवर निजावे.

खाण्याच्या सोड्याने आराम कसा पडतो, हे वर्गातही दाखविता येईल. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदावर सोड्याचे पाणी टाकल्यास तो तांबूस होतो. त्यावर लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळा. आम्ल व अल्क यांनी एकमेकांचा प्रभाव नाहीसा केला. लिंबू व सोडा एकत्र येताच फसफसणारा वायू तोच, जो पोटात ढेकर होऊन बाहेर पडतो. मात्र हा आराम अल्पकाळचा असतो. शिवाय सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी तो वरचेवर घेऊ नये.

ओमेप्राझोलसारखी औषधे आम्लाची निर्मितीच कमी करतात. ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असतात. जेवल्यावर घेऊन ‘गुण नाही’ म्हणणारे अनेक भेटतात. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने ती घेणे योग्य नव्हे. एके काळी सर्रास घेतली जाणारी रॅनिटिडीन २०२२ साली भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून वगळण्यात आली.

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा जळजळीच्या रूपानेच येतो. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ असल्यास ‘पित्तच असेल’ म्हणून सोडा देत बसू नये. रोग्यास चालू न देता बसवावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.